श्वानदंशाची भरपाई

माणसाने जी जनावरे आपल्या दाराशी आणून बांधली, त्यांत कुत्र्याचा क्रमांक पहिला लागतो. गाय, बैल, घोडा यांच्या कितीतरी आधी तो माणसाच्या शेकोटीजवळ येऊन बसला. युधिष्ठिराच्या अखेरच्या वाटचालीत त्याची सोबत आहे; दत्तात्रेयांच्या चरणांपाशी तो आहे; खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात भूषण मानतात. स्नेह इतका जुना खरा. परंतु कुत्र्याचे दातही तितकेच जुने आहेत. भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. न्यायाधीशाला मात्र म्हणीवर विसंबून चालत नाही. त्याच्यापुढे जो माणूस उभा राहतो त्याच्या पोटरीवर दातांच्या खुणा असतात, आणि त्याचे प्रश्न अगदी साधे असतात : औषधपाण्याचा खर्च कोणी द्यावयाचा? बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावयाची? आणि जिवावरच बेतले, तर मागे राहिलेल्यांनी कोणाच्या दाराशी जावयाचे?

हे प्रश्न सुमारे चार हजार वर्षांपासून विचारले जात आहेत. त्यांना निरनिराळ्या समाजांनी जी उत्तरे दिली त्यांचा इतिहास म्हणजे एका अर्थाने माणसाच्या जबाबदारीच्या कल्पनेचाच इतिहास होय.

या इतिहासाचे पहिले पान मातीचे आहे. बगदादजवळ तेल हरमल नावाचे एक टेकाड आहे. तेथे इराकच्या पुराणवस्तु खात्याने १९४५ ते १९४७ या काळात केलेल्या उत्खननात कीलाक्षरी लिपीतील दोन विटा सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना या नगरराज्याचे कायदे कोरलेले होते. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकाचा, म्हणजे हम्मुराबीच्या प्रसिद्ध संहितेच्या किंचित आधीचा मानला जातो. हम्मुराबीने शिंग मारणाऱ्या बैलाचा विचार केला. कुत्र्याचा मात्र केला नाही. एश्नुन्नाच्या कायद्याने तो केला. एखादा कुत्रा चावरा किंवा पिसाळलेला आहे, पेठेच्या अधिकाऱ्यांनी तसे त्याच्या धन्याला कळविलेले आहे, आणि तरीही धन्याने त्याला आवरून ठेवले नाही. अशा स्थितीत तो कुत्रा कोणाला चावून तो माणूस दगावला, तर धन्याने ४० शेकेल चांदी द्यावी, असे त्यात सांगितले आहे. मेलेला माणूस गुलाम असेल तर १५ शेकेल पुरेत.

ही रक्कम मोठी की लहान, हे त्याच कायद्यावरून ठरविता येते. तेथे मजुराची एका महिन्याची मजुरी एक शेकेल चांदी आणि वर शिधा अशी नेमून दिलेली आहे. म्हणजे स्वतंत्र माणसाच्या प्राणाचे मोल ४० महिन्यांची मजुरी, आणि गुलामाच्या प्राणाचे १५ महिन्यांची. माणसामाणसांत भेद करणारे हे माप आज कोणालाही खटकेल. परंतु या छोट्याशा कलमात एक फार मोठा विचार दडलेला आहे. धन्याला आगाऊ सूचना मिळाली होती काय, हा तो विचार होय. याच कायद्यात बैल आणि कलती भिंत यांविषयीची कलमे कुत्र्याच्या शेजारीच आहेत, आणि तिन्ही ठिकाणी पेठेच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या सूचनेला महत्त्व आहे. धोका माहीत असून जो स्वस्थ बसतो तो दोषी, हे सूत्र त्या मातीच्या विटेवर प्रथम उमटले. त्यापुढची अनेक शतके कायदा याच सूत्राभोवती फिरत राहिला.

ग्रीकांनी निराळी वाट धरली. सोलोनने अथेन्सला जे कायदे दिले, त्यांत चावलेला कुत्रा तीन हात लांबीच्या लाकडी लोढण्यासह पीडिताच्या स्वाधीन करावा, अशी आज्ञा होती, असे प्लूटार्क सांगतो. लोढण्यामुळे तो कुत्रा पुन्हा कोणाच्या अंगाशी येऊ शकत नसे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही, ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमारास, हीच कल्पना दिसते. चतुष्पाद प्राण्याने नुकसान केले तर धन्याने एकतर भरपाई द्यावी, नाहीतर तो प्राणीच नुकसान झालेल्याच्या हवाली करावा. अपराध जणू प्राण्याचा आणि धनी त्याचा जामीन, अशी ही समजूत होती.

परंतु रोमन विधिज्ञ तेथेच थांबले नाहीत. दावणीने नेला जाणारा कुत्रा निसटून कोणाला चावला, तर तो धरणाऱ्या माणसाच्या हाताची ताकद कमी पडली काय, किंवा अशा कुत्र्याला त्या रस्त्याने न्यावयासच नको होते काय, हे पाहिले पाहिजे, असे उल्पियनने म्हटले आहे. तसे असेल तर दोष कुत्र्याचा नव्हे, त्याला नेणाऱ्याचा. बाजारपेठांवर देखरेख ठेवणाऱ्या एडाइल नावाच्या अधिकाऱ्यांनी तर एक पाऊल पुढे टाकले. रहदारीच्या वाटेवर कुत्रा, रानडुक्कर, अस्वल किंवा सिंह बाळगावयाचाच नाही, असा त्यांनी हुकूम काढला. त्यापायी स्वतंत्र माणूस मेला तर २०० सुवर्णनाण्यांचा दंड, आणि तो केवळ जखमी झाला तर न्यायाधीशाला रास्त वाटेल ती रक्कम, असे जस्टिनियनच्या काळातील ग्रंथात नमूद आहे.

जखमी माणसाला नेमके काय द्यावयाचे, याचे उत्तर गायस या विधिज्ञाने दिले. जनावराने माणसाला घायाळ केले असता उपचारांना लागलेला खर्च द्यावा, बुडालेल्या दिवसांची कमाई द्यावी, आणि कायमचे अपंगत्व आले तर पुढे बुडणारी कमाईही द्यावी. चेहरा विद्रूप झाला त्याबद्दल मात्र काही मोजावयाचे नाही. कारण स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही. हा विचार उदात्त आहे यात शंका नाही. परंतु ज्याचा चेहरा कुत्र्याने फाडला त्याला या उदात्तपणाने रिकाम्या हातीच घरी पाठविले, हेही तितकेच खरे.

भारतीय धर्मशास्त्राने या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले. सुळे असलेला किंवा शिंगे असलेला प्राणी एखाद्यावर धावून गेला, धनी त्याला सोडवू शकत होता आणि तरीही त्याने सोडविले नाही, तर धन्याला प्रथम साहसाचा दंड व्हावा. संकटात सापडलेल्याने मदतीसाठी हाक मारली असूनही धनी हलला नसेल तर दुप्पट व्हावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जवळजवळ हाच नियम आहे. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली, आणि पुढे महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात तीच प्रमाण मानली गेली. त्यामुळे हा नियम मराठी मुलखाला परका नाही. त्यात हाकेला दिलेले स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. एश्नुन्नात सूचना पेठेचा अधिकारी देत असे. येथे ती प्रत्यक्ष पीडिताच्या कंठातून येते. हाक ऐकूनही जो हात पुढे करीत नाही त्याचा दोष दुप्पट.

अडचण एवढीच की हा दंड राजाच्या खजिन्यात जात असे. पीडिताच्या पदरात काय पडे? त्याचे उत्तर शारीरिक इजेविषयीच्या सर्वसाधारण नियमांत आहे. दुसऱ्याला जखमी करणाऱ्याने दंडाखेरीज त्याचा समुत्थानव्यय भरावा, असे मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. अंथरुणास खिळलेला माणूस पूर्ववत उभा राहीपर्यंत जो खर्च होईल तो समुत्थानव्यय. भरपाईच्या कल्पनेला इतका नेमका शब्द क्वचितच सापडेल.

इंग्लंडमध्ये नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाने आपली संहिता रचली. तीत कुत्र्याच्या चाव्याचे चढत्या श्रेणीचे कोष्टक आहे. पहिल्या चाव्याला ६ शिलिंग. धन्याने त्याच कुत्र्याला अन्न घालणे चालू ठेवले तर दुसऱ्याला १२ आणि तिसऱ्याला ३०. मध्यंतरी कुत्रा पळून गेला तरी भरपाई चुकत नाही. त्यानंतरही धन्याने त्याला ठेवून घेतले, तर होणाऱ्या जखमांची पुरी भरपाई त्याच्या माथी. येथे मालकीचा कागद कोणी विचारत नाही. जो भाकरीचा तुकडा टाकतो तो जबाबदार, असा हा रोखठोक हिशेब आहे. आणि त्याची आठवण हजार वर्षांनंतरच्या भारतात पुन्हा होण्याचा प्रसंग यावयाचा होता.

आल्फ्रेडचे कोष्टक पुढे मागे पडले आणि इंग्लिश न्यायालयांत जाणतेपणाचा सिद्धान्त रूढ झाला. वाघ किंवा अस्वल हा जातीनेच हिंस्र. त्याच्या धन्याला कोणतीही सबब नाही. कुत्रा मात्र जातीने माणसाळलेला. म्हणून हाच विशिष्ट कुत्रा चावरा आहे हे धन्याला ठाऊक होते, असे फिर्यादीने सिद्ध केले तरच त्याला भरपाई मिळावयाची. यातूनच प्रत्येक कुत्र्याला एक चावा माफ आहे, असा लौकिक समज पसरला. १८४६ साली एका माकडाने घेतलेल्या चाव्याच्या खटल्यात न्यायालयाने हा सिद्धान्त आणखी स्पष्ट केला. प्राणी चावरा आहे हे माहीत असून तो बाळगणे हाच दोष. मग तो किती काळजीने बांधला होता, हा प्रश्न उरत नाही, असा तो निर्णय होता.

या सिद्धान्ताचा काच माणसांच्या आधी मेंढपाळांना जाणवला. १८५५ साली स्कॉटलंडमधील एका खटल्यात मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्याच्या धन्याला पूर्वी माहिती होती हे सिद्ध न झाल्यामुळे उमरावांच्या सभेने फिर्याद नामंजूर केली. मेंढपाळांत असंतोष माजला. १८६३ साली स्कॉटलंडपुरता आणि १८६५ साली इंग्लंडपुरता कायदा झाला, आणि मेंढ्या व गुरे यांच्या बाबतीत धन्याच्या माहितीचा पुरावा देण्याची अट उठली. मौज अशी की माणसाच्या बाबतीत ती अट तशीच राहिली. शेळ्यामेंढ्यांच्या व्यापाराला जो न्याय तत्परतेने मिळाला, तो रस्त्यावरच्या पोराला मिळाला नाही. १९७१ च्या इंग्लिश कायद्यानेही कुत्र्यासारख्या प्राण्याच्या बाबतीत रक्षकाच्या माहितीला महत्त्वाचे स्थान कायम ठेवले.

हाच इंग्लिश विचार हिंदुस्थानात आला. पण येथील परिस्थिती निराळी होती. येथे बहुसंख्य कुत्री कोणाच्याच दावणीची नव्हती. ती गल्लीची होती, बाजाराची होती, देवळाच्या पायरीची होती. मुंबईच्या सरकारने त्यांचा बंदोबस्त करावयाचा तो ती मारून. १८३२ च्या जून महिन्यात या मोहिमेने पारशी समाजाच्या धर्मभावनेला धक्का बसला. कारण जरथुश्त्री धर्मात कुत्र्याला पवित्र मानले जाते. ६ जून रोजी कोटाच्या परिसरात जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला, दुकाने बंद पडली आणि लष्कराला होणारा अन्नाचा पुरवठा खोळंबला. कुत्र्याचा प्रश्न हा एकीकडे लोकांच्या सुरक्षिततेचा आणि दुसरीकडे लोकांच्या करुणेचा आहे, हे मुंबईला तेव्हाच कळून चुकले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २८९ आले. जवळच्या प्राण्याबाबत जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद होती. येथे माहितीच्या जोडीला निष्काळजीपणा बसविला गेला, ही प्रगतीच होती. पण दंड पुन्हा सरकारी खजिन्यातच गेला. त्या १,००० रुपयांचा आकडा १६० वर्षांहून अधिक काळ हलला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने तो ५,००० केला. दंडाच्या रकमेतून पीडिताला काही देण्याची मुभा फौजदारी न्यायालयास आहे. परंतु हा काही भरपाईचा राजमार्ग नव्हे.

राजमार्ग म्हणजे दिवाणी दावा. नागरी अपकृत्यांचा एक मसुदा फ्रेडरिक पोलॉक या इंग्लिश विधिज्ञाने १८८६ साली हिंदुस्थानसाठी तयार केला होता. तो कायदा कधीच झाला नाही. म्हणून आपली न्यायालये न्याय, समदृष्टी आणि सदसद्विवेक यांच्या आधारे इंग्लिश तत्त्वेच लावीत आली. शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा चावला तर या मार्गाने जाता येते. मात्र ज्या कुत्र्याला धनीच नाही, त्याच्याबद्दल दावा कोणावर लावावयाचा?

मध्यंतरी वैद्यकाने या प्रश्नाचे रूपच पालटून टाकले. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस टोचली आणि तो वाचला. त्यापूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा म्हणजे बहुधा मृत्यूचे बोलावणेच असे. १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली तयार केलेली मेंढीच्या मेंदूपासूनची लस एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भारतात वापरली गेली. पोटात घेतलेल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अनेक मराठी घरांच्या आठवणीत आजही आहे. उपचार मिळाल्याबरोबर भरपाईचा अर्थही बदलला. पूर्वी ती मृत्यूबद्दल मागावयाची. आता ती वाचण्यासाठी कराव्या लागलेल्या खर्चाबद्दल, प्रवासाबद्दल, खाड्याबद्दल मागता येऊ लागली. विज्ञानेश्वराच्या भाषेत बोलावयाचे तर समुत्थान शक्य झाले, आणि म्हणूनच समुत्थानव्ययाचा प्रश्न जागा झाला.

स्वातंत्र्यानंतर प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. मुंबईत महापालिकेने मोकाट कुत्री मारण्याची प्रथा १९९४ मध्ये थांबविली. २००१ च्या केंद्रीय नियमांनी देशभर नवे धोरण घालून दिले. कुत्र्याला पकडावयाचे, त्याची नसबंदी करावयाची, लस टोचावयाची आणि जेथून आणले त्याच ठिकाणी परत सोडावयाचे. २०२३ च्या नव्या नियमांनीही हे तत्त्व कायम ठेवले. दयेच्या दृष्टीने हे धोरण योग्य म्हणता येईल. पण कायद्याच्या दृष्टीने त्यातून एक नवीच परिस्थिती निर्माण झाली. जो पूर्वी बेवारशी होता, त्या कुत्र्याला आता नगरपालिका पकडते, तपासते आणि सोडते. तो कोठे राहतो हे तिला माहीत असते. निदान माहीत असावयास हवे असते. एश्नुन्नात जो पेठेचा अधिकारी धन्याला सूचना देत होता, तोच आता धन्याच्या जागी येऊन उभा राहिला.

याच वेळी घटनात्मक न्यायाची एक नवी वाट तयार झाली होती. नगरपालिकेला आपले वैधानिक कर्तव्य पैसे नाहीत या सबबीवर टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलामच्या गटारांच्या खटल्यात बजावले. शासनाने मूलभूत हक्क तुडविला तर न्यायालय थेट भरपाई देववू शकते, हे १९८३ साली रुदुल शहा यांच्या खटल्यात ठरले. या दोन निर्णयांचा कुत्र्यांशी काहीच संबंध नव्हता. पण रस्त्यावर चावा सोसलेल्या माणसाला पुढे जे दार उघडले, त्याच्या बिजागऱ्या येथे बसविल्या गेल्या.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळसाठी निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पीडितांचे अर्ज पाहून भरपाईची शिफारस करावयाची, हे तिचे काम होते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने याहून धीट निर्णय दिला. दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असेल तेथे जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये, असे माप त्याने घालून दिले. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समितीने चार महिन्यांत निर्णय द्यावा, रक्कम प्रथम शासनाने द्यावी आणि मग ज्याचा दोष असेल त्याच्याकडून वसूल करावी, अशी ही व्यवस्था आहे. गायसने ज्या देहाचे मोल करण्यास नकार दिला, त्याचे मोल येथे सेंटिमीटरने केले आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु या मापात एश्नुन्नाचा भेद नाही. मजुराच्या पोटरीवरचा दात आणि सावकाराच्या पोटरीवरचा दात त्याने सारखाच मोजला आहे. आणि मुख्य म्हणजे कुत्रा कोणाचा, हे शोधण्याचे ओझे जखमी माणसाच्या खांद्यावरून उतरविले आहे.

देशाच्या सर्व भागांत अशी व्यवस्था आलेली नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात भारतात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. यांतील बहुतेकांना भरपाई मागता येते हेच माहीत नसते; ज्यांना माहीत असते त्यांच्याजवळ पुष्कळदा रुग्णालयाचा केसपेपर, लसीच्या मात्रांची नोंद किंवा पोलिसांतील तक्रार यांपैकी काहीच जपून ठेवलेले नसते. हक्क कागदावर असतो, आणि तो मागणाऱ्याजवळ कागद नसतो.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. ११ ऑगस्टच्या आदेशाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यांत नेण्यास सांगितले गेले. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल करून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री परत सोडण्यास आणि त्यांना अन्न घालण्याच्या जागा नेमून देण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हलविण्याचा आदेश झाला. १८३२ च्या मुंबईप्रमाणेच या वेळीही भीती आणि भूतदया या दोन्ही भावना समोरासमोर उभ्या राहिल्या. जो अन्न घालतो त्याच्यावर जबाबदारी किती, हा आल्फ्रेडचा प्रश्नही पुन्हा ऐरणीवर आला.

या चार हजार वर्षांच्या वाटचालीत एक गोष्ट सतत दिसते. कुत्र्याला कोणी खऱ्या अर्थाने अपराधी मानले नाही. कायद्याने वेळोवेळी शोधला तो माणूस : ज्याला माहीत होते तो, ज्याने हाक ऐकली तो, ज्याने अन्न घातले तो, आणि आता ज्याच्यावर नगराची व्यवस्था सोपविली आहे तो. कुत्र्यावर दया करणे आणि जखमी झालेल्याला त्याचा समुत्थानव्यय देणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. गावाने गावातल्या प्राण्याविषयी करुणा बाळगावी, हे त्या गावाला शोभणारेच आहे; मात्र त्या करुणेचा खर्च शाळेच्या वाटेवर चावा सोसणाऱ्या एकट्या मुलाच्या नावे मांडला जाऊ नये. तो साऱ्या गावाने उचलावयाचा आहे. तेल हरमलच्या विटेवर सुरू झालेला हिशेब आज या रकान्यापाशी येऊन थांबला आहे.